ईएसआयसीचा बेकारी दिलासा : योजना बरी, पण चावी एचआरच्या हातात

पगाराच्या स्लिपवर ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, नावाने दर महिन्याला पाऊण टक्का कापला जातो (ईएसआयसी हे तो विमा चालवणारं महामंडळ). तो दवाखान्यासाठी, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच वर्गणीवर नोकरी गेल्यावर 90 दिवसांपर्यंत रोख रक्कमही मिळू शकते, हे मात्र नोकरी गेल्यावरच कुणीतरी सांगतं, आणि तोवर कागदोपत्री घोळ झालेला असतो. या योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 1 जुलै 2018 ला ती दोन वर्षांच्या प्रयोगापुरती सुरू झाली आणि पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहिली.

सुरुवातीची योजना कंजूषच होती. सरासरी कमाईच्या फक्त 25 टक्के, तेही तीन महिने बेकार राहिल्यानंतर, आणि दावा जुन्या मालकामार्फत करायचा. ज्याने कामावरून काढलं त्याच्याच सहीसाठी हेलपाटे घालायचे, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही यात नवल नाही. 2020 च्या टाळेबंदीत नियम बदलले आणि योजनेत जीव आला. दर 50 टक्के झाला, थांबायची मुदत 90 वरून 30 दिवसांवर आली आणि विमाधारकाला थेट शाखा कार्यालयात दावा करता येऊ लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रतिज्ञापत्राची अटही गेली. स्टॅम्प पेपर आणि नोटरी करून आणा असं आजही कुणी सांगत असेल, तर तो जुनी माहिती विकतोय.

आता पैसे किती, ते पाहू. '50 टक्के पगार' असं सगळीकडे छापलं जातं, पण तो अर्धा शेवटच्या पगाराचा नसतो. मागच्या चार (सहा-सहा महिन्यांच्या) वर्गणी कालावधींतली, म्हणजे दोन वर्षांतली, ईएसआयकडे नोंदलेली सगळी कमाई बेरीज करायची, तिला 730 ने भागायचं आणि येईल त्याचा निम्मा हा दिवसाचा दर. महिना 18,000 रुपयांप्रमाणे चोवीस महिने सलग नोंद असेल तर 4,32,000 भागिले 730, म्हणजे सुमारे 592 रुपये. त्याचे निम्मे 296, आणि 90 दिवसांचे साधारण 26,630 रुपये. त्याच माणसाची मधली सहा महिन्यांची वर्गणी भरलीच गेली नसेल, तरी भाजक 730 च राहतो. दर 222 वर येतो आणि एकूण रक्कम 20,000 च्या आत. पगार तोच, कष्ट तेच, फक्त मालकाने भरणा चुकवला म्हणून साडेसहा हजारांचा फटका. एक उलट बाजूही आहे. जुन्या ईएसआय कायद्याखाली (नोव्हेंबर 2025 पर्यंत) ओव्हरटाइम 21,000 रुपयांच्या पगारमर्यादेत धरला जात नव्हता, पण वर्गणीसाठी धरला जायचा. म्हणून तेव्हाचा ओव्हरटाइम नोंदलेला असेल तर आकडा वाढतो, आणि रोखीने हातावर टेकवलेला असेल तर नाही.

पात्रतेच्या अटी वाचायला सोप्या वाटतात, मोजताना लोक चुकतात. बेकार होण्याआधी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी हवी. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालावधींपैकी एकात आणखी 78 दिवस. हे कालावधी आपल्या मनाने धरायचे नसतात. ते ठरलेले आहेत : 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. 10 नोव्हेंबरला नोकरी गेली तर एप्रिल-सप्टेंबरचे दिवस मोजायचे. त्या सहा महिन्यांत लांब आजारपण किंवा बिनपगारी रजा झाली असेल, तर सहा वर्षांची नोकरी असूनही माणूस 78 च्या खाली घसरू शकतो.

दुसरा सापळा पगारवाढीचा. महिना 21,000 च्या वर गेल्यावर (दिव्यांगांसाठी 25,000) चालू कालावधी संपेपर्यंत वर्गणी कापली जाते आणि मग बंद होते. त्यानंतर वर्षभराने नोकरी गेली तर आधीची दहा वर्षं वर्गणी भरलेली असली तरी इथे काही मिळत नाही. याबद्दल योजनेला नावं ठेवायला जागा आहे. नोकरी जाण्याची भीती 22,000 वाल्याला कमी असते असं थोडंच आहे! शिवाय गैरवर्तनाबद्दल काढलं असेल, निवृत्तीचं वय झालं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर दावा चालत नाही. दोन मालकांकडे काम असेल तर दोन्हीकडचं सुटल्याशिवाय माणूस बेकार धरला जात नाही.

खरी गोम पुढे आहे. कंपनी दर महिन्याला, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, ईएसआयसीच्या पोर्टलवर वर्गणीची एक्सेल शीट चढवते. त्यात प्रत्येक कामगारासमोर विमा क्रमांक, नाव, भरलेले दिवस, वेतन, कारणाचा कोड आणि कामाचा शेवटचा दिवस असे रकाने असतात. माणूस गेला की दिवस शून्य होतात, आणि शून्य दिवसांना कोड द्यावाच लागतो. 1 म्हणजे रजेवर, 2 नोकरी सोडली, 3 निवृत्त, 4 मर्यादेबाहेर, 8 काम स्थगित, 9 संप किंवा टाळेबंदी, 10 कामगार कपात, 11 काम नाही. यातल्या 2, 3, 4 आणि 10 ला शेवटच्या दिवसाची तारीख भरणं सक्तीचं आहे. 1 आणि 11 ला नाही. आता घाईतल्या क्लार्कला काय सोपं? तो 1 किंवा 11 टाकतो, शीट स्वीकारली जाते, त्याचं काम झालं. पण पोर्टलच्या लेखी तुम्ही अजून नोकरीत आहात. बेकारीची तारीखच नाही, तर 30 दिवस मोजायचे कुठून?

म्हणून या योजनेचा अर्ज भरण्याआधीचं काम अर्जापेक्षा महत्त्वाचं आहे. शेवटच्या दिवशी हिशेब घेताना एचआरला लेखी, निदान ईमेलवर, कळवा : चालू महिन्याच्या ईएसआय भरण्यात माझा शेवटचा दिवस आणि बरोबर कारण नोंदवा. कपात झाली असेल तर 10 च हवा, 2 नको. 2 म्हणजे नुसतं 'नोकरी सोडली', त्यातून स्वतःहून गेला की काढला हे कळत नाही. पुढच्या महिन्याची 15 तारीख उलटली की ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करून वर्गणीचा तपशील उघडा. दहा आकडी विमा क्रमांक हेच युजरनेम, पहिल्यांदा साइन अप करताना जन्मतारीख आणि मोबाइल लागतो. तिथे पाच मिनिटांत दिसतं की चोवीस महिन्यांपैकी किती भरले आणि किती दिवसांचे. कापलेली रक्कम भरलीच नसेल तर तेही तिथेच उघडं पडतं. अशा वेळी त्या महिन्यांच्या पगार स्लिपा आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट घेऊन शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. कंपनीला कुलूप लागून भरणाच थांबला असेल तरीही हाच मार्ग.

एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांची अडचण वेगळीच. गेट तेच, मशीन तेच, पण कंत्राटदार बदलला की नवा कंत्राटदार जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढून मोकळा होतो. मग एका माणसाचे दोन क्रमांक, दोन्हीवर अर्धा-अर्धा इतिहास, आणि दोन वर्षांची अट एकाही क्रमांकावर पुरी होत नाही. रुजू होताना जुना क्रमांक देणं हा यावरचा फुकटचा उपाय. दोन झालेच असतील तर दावा करण्याआधी शाखा कार्यालयात अर्ज देऊन ते एकत्र करून घ्यावेत.

अर्ज स्वतः लहान आहे. लॉगिन, अटल बीमित योजनेचा दावा, किती दिवसांचा ते भरणं, आधार आणि बँकेचा पुरावा स्कॅन करून जोडणं, सादर करणं. स्कॅन जोडले तर कार्यालयात जायची गरज नाही. नाही जोडले तर प्रिंट काढून, सही करून, प्रतींसह शाखेत द्यायचं. पुढच्या दिवसांचा दावा आगाऊ करता येत नाही, उलटून गेलेल्या बेकार दिवसांचाच होतो. महास्वयंमवर (राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर) बेरोजगार म्हणून नोंदणी असली-नसली तरी इथे फरक पडत नाही, कागदपत्रांच्या यादीत ती नाही. ही या योजनेची सगळ्यात सुखद बाजू : नोकरी शोधत असल्याचे पुरावे गोळा करत बसावं लागत नाही.

अर्ज अडकतो तो बहुधा नावावर किंवा बँकेवर. आधारवर पूर्ण नाव आणि ईएसआयवर नुसती आद्याक्षरं, लग्नानंतर बदललेलं आडनाव, जन्मतारखेत फक्त वर्ष, हे आधी जुळवून घ्या. पासबुक जुनं असेल तर आयएफएससी तपासा. देना आणि विजया बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. 2020 मध्ये सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियनमध्ये, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये विलीन झाल्या. जुन्या कोडवर पाठवलेली रक्कम परत जाते आणि फाइल पुन्हा तळाला.

भत्ता चालू असेपर्यंत दवाखान्याची सोयही चालू राहते. घरात कुणाचे उपचार सुरू असतील तर रोख रकमेपेक्षा हिची किंमत जास्त. पण 90 दिवस आयुष्यातून एकदाच. महिन्याभरात दुसरी नोकरी पक्की असेल तर हा हक्क आत्ताच खर्चावा का, याचा विचार करावा.

कारखाना बंद पडला असेल किंवा कायद्याप्रमाणे कामगार कपात झाली असेल, तर मात्र थांबा. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना ही ईएसआयसीचीच 1 एप्रिल 2005 पासूनची योजना त्यांच्यासाठी कितीतरी मोठी आहे : 24 महिन्यांपर्यंत, पहिले 12 महिने सरासरी दैनिक वेतनाच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के. एकाच काळासाठी दोन्ही घेता येत नाहीत. अटलचं नाव जाहिरातीमुळे तोंडात बसलंय म्हणून लोक आधी तिकडे धावतात. कोड 10 चा आग्रह वर धरला तो यासाठीही.

गृहकर्जासोबत विकलं जाणारं खासगी 'जॉब लॉस' कवच याच्या जागी धरू नये. त्यात साधारण तीन हप्ते भरले जातात, राजीनामा आणि प्रोबेशनमध्ये गेलेली नोकरी वगळलेली असते, सुरुवातीचा प्रतीक्षा काळ असतो. ज्याचे ईएसआय कापले जातात त्याने त्यासाठी वेगळा प्रीमियम भरण्याआधी आपल्या वर्गणीच्या नोंदी तपासाव्यात, त्याला काही पैसे पडत नाहीत.

एकंदर मत असं : दर ठीक, अर्ज सोपा, मुदत तोकडी, आणि मालकाच्या नोंदीवरचं अवलंबून राहणं हा मोठा दोष. 2020 मध्ये मालकाची सही काढून टाकली, पण त्याची एक्सेल शीट तशीच राहिली. दावा रेंगाळला तर टोल फ्री 1800-11-2526 वर तक्रार नोंदवता येते. त्याहून उपयोगी पडतो तो दर महिन्याला भरणारा सुविधा समागम, म्हणजे ईएसआयसीची तक्रारी ऐकायची बैठक. तिथे अधिकारी समोर असतात आणि वर्गणीची प्रिंट टेबलावर ठेवून बोलता येतं. आणि अर्जाआधी योजनेची चालू मुदत कोणत्या तारखेपर्यंत वाढवली आहे, ते पोर्टलवर एकदा बघून घ्यावं.