ह्वे की होई आन? मध्य व्हिएतनाममधल्या दोन-तीन रात्री कुठे काढाव्यात

आठ दिवसांच्या व्हिएतनाम सहलीत हनोई, हा लाँगची खाडी आणि हो चि मिन्ह सिटी धरली की मधल्या पट्ट्यासाठी दोन, फार तर तीन रात्री उरतात. त्या ह्वेला द्यायच्या की होई आनला? दोन्ही गावं जागतिक वारसा यादीत आहेत, ह्वे १९९३पासून आणि होई आन १९९९पासून. पण एक राजधानी आणि दुसरी पेठ. पाहण्यातला सगळा फरक तिथून पडतो.

होई आन लगेच आवडतं. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकात हे गजबजलेलं बंदर होतं, चिनी-जपानी व्यापारी इथे घरं बांधून राहिले. पुढे थू बोन नदीत गाळ साचला, मोठी गलबतं शेजारच्या दा नांग बंदराला लागू लागली आणि गाव मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच वाचलं. पुढे दुकान, मध्ये उघडा चौक आणि मागे नदीकडे दार अशी लांबट लाकडी घरं अजून नांदती आहेत. तान की घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा वर्षासकट लिहून ठेवल्यात, त्या जरूर बघा. छत असलेला जपानी पूल २०२४मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा खुला झाला. संध्याकाळी मात्र कंदील, होड्या आणि फोटोवाले यांच्या गर्दीत घरं दिसेनाशी होतात. सकाळी सहाला बाहेर पडा.

ह्वे असं पहिल्या भेटीत हाती लागत नाही. १८०२मध्ये सम्राट ज्या लाँग याने देश एकत्र करून इथे राजधानी केली आणि १९४५पर्यंत त्याच्या न्युएन घराण्याने इथून राज्य केलं. साधारण दहा किलोमीटर घेराचा तट, त्याच्या आत राजवाड्याचा कोट, त्याच्याही आत फक्त राजपरिवारासाठीची नगरी. १९४७ची आग आणि व्हिएतनाम युद्धात १९६८च्या तेत हल्ल्यानंतरची (तेत म्हणजे तिथलं नववर्ष, त्या सणात कम्युनिस्ट सैन्याने केलेला हल्ला) काही आठवड्यांची लढाई यांत आतल्या बहुतेक इमारती गेल्या. म्हणून अनेकजण ‘तिथे नुसती गवताची मैदानं आहेत’ असं म्हणत परततात. मला ती मैदानंच बोलकी वाटतात. शेजारी न्गो मोन दरवाजा शाबूत आहे. याच दरवाजावर ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचा सम्राट बाओ दाई याने राजपद सोडलं. पलीकडे सम्राट मिन्ह मांगच्या काळात ओतलेले नऊ प्रचंड कांस्यकुंभ आहेत. त्यांवर देशातले डोंगर, नद्या, पिकं, प्राणी, होड्या कोरल्या आहेत. एवढ्यासाठी अर्धा तास सहज द्यावा.

ह्वेची खरी श्रीमंती गावाबाहेर, सम्राटांच्या समाधीस्थळांत आहे. वेळ एकीपुरताच असेल तर सम्राट तू दुक याची समाधी निवडा. तळं, कमळं, पाइनची झाडं, पाण्यावरचा मंडप. तो हयातीतच इथे येऊन राही, कविता करी. त्याला मूल नव्हतं, म्हणून मुलाने लिहायचा समाधीलेखही त्याने स्वतःच लिहिला. खाई दिन्हची समाधी याच्या अगदी उलट आहे. काँक्रीटची, आत चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांची झगमगती नक्षी, आणि तिथवर शंभराहून जास्त पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर ती सोडून द्या.

होई आनचं पारडं जड करणारी एक जागा आहे, मी-सन. गावापासून सुमारे ४० किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत, चाम राजांची, म्हणजे इथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांची, विटांची शिवमंदिरं. चौथ्या शतकाच्या शेवटी भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराचं देऊळ उभारलं. शिलालेख संस्कृत आणि चाम भाषांत आहेत. १९६९च्या अमेरिकी बाँबफेकीत इथलं सर्वांत देखणं देऊळ कोसळलं. अलीकडे भारतीय पुरातत्त्व खात्याने इथे जतनाचं काम केलं, तेव्हा २०२०मध्ये नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग मिळालं. आपल्याकडून गेलेल्याने हे चुकवू नये. पहाटे निघा. दहानंतर ऊन आणि बसगाड्या एकदमच येतात.

आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील आणि रात्री दोनच असतील, तर होई आन घ्या. जुन्या पेठेत पायी फिरता येतं, जमीन सपाट आहे, दोन घरं पाहून कुठेही टेकता येतं. ह्वेमध्ये गाडी ठरवूनच फिरावं लागतं. शाकाहारी मंडळींची सोय दोन्हीकडे होते, पण ह्वे बौद्ध मठांचं गाव, तिथलं बिनमांसाचं जेवण जास्त चवीचं. पाटीवर ‘चाय’ हा शब्द शोधा, त्याचा अर्थ शाकाहारी.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर मात्र थांबा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या पट्ट्यात धो-धो पाऊस असतो आणि होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम.

तीन रात्री असतील तर मी दोन ह्वेला आणि एक होई आनला देईन, बहुतेक सहल कंपन्या याच्या उलट करतात तरी. ह्वेहून दा नांगला रेल्वेने या, साधारण अडीच-तीन तास. हाय व्हानच्या घाटात रूळ समुद्राला लागून वळणं घेतात, तेव्हा तिकीट काढताना डावीकडची खिडकी मागून घ्या.