लेसर की फ्लॅप सर्जरी: हिरड्यांसाठी काय निवडावं?

एकीकडे ब्लेड, टाके आणि सूज. दुसरीकडे ‘टाके नाहीत, दुखणं नाही’ असं लेसर. हिरड्यांच्या आजारावरचे पर्याय असे मांडले की निवड आधीच होऊन जाते. पण खरी सुरुवात या दोन्हींच्या आधी होते, डीप क्लिनिंगपासून. त्यात भूल देऊन हिरडीखाली मुळांना चिकटलेलं कीटण काढतात. दात आणि हिरडी यांच्यातली फट, म्हणजे पॉकेट, निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ४-५ मिलिमीटरचे पॉकेट बऱ्याचदा एवढ्या सफाईने आणि रोजच्या नीट ब्रशिंगने आटोक्यात येतात. म्हणून सफाईनंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप व्हायच्या आतच कुणी लेसर किंवा सर्जरी सुचवली, तर कारण विचारावं.

प्रश्न उरतो तो त्यानंतरही ६ मिलिमीटर किंवा जास्त खोल राहिलेल्या पॉकेटचा.

फ्लॅप सर्जरीत हिरडी कापून बाजूला करतात, त्यामुळे डॉक्टरांना मूळ आणि हाड डोळ्यांनी दिसतं. हाडात खड्डा पडला असेल तर तिथे ग्राफ्ट, म्हणजे हाडाची जागा भरून काढणारा पदार्थ, भरता येतो. तिचा अनुभवही कित्येक दशकांचा आहे. त्रास मात्र होतोच: आठवडा-दहा दिवस टाके, थोडी सूज, आणि बरं झाल्यावर हिरडी खाली सरकल्याने दात लांब दिसतात, थंड लागलं की शिवशिवतात. मागच्या दाढांना हे चालून जातं, पण समोरच्या दातांत ते हसताना दिसतं.

लेसरच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच, की कोणतं लेसर? अनेक दवाखान्यांत असतं ते डायोड. ते मऊ ऊतीवर चालतं, पण कीटण काढू शकत नाही, आणि चुकीचं वापरलं तर उष्णतेने मुळाला किंवा हाडाला इजा होऊ शकते. एर्बियम लेसरची ऊर्जा पाण्यात शोषली जाते, त्यामुळे ते कीटणावरही काम करतं. एनडी-याग लेसरवर आधारलेली लॅनॅप नावाची ठरावीक पद्धत आहे. तिला अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची परवानगी 2004 साली मिळाली. तिच्यातही भूल द्यावी लागते आणि कीटण काढायला नेहमीचा अल्ट्रासोनिक स्केलर वापरावाच लागतो. जाहिरातीत एवढं सांगत बसत नाहीत.

पुरावा काय म्हणतो? डीप क्लिनिंगला लेसरची जोड दिल्याने होणारा जादा फायदा सरासरी १ मिलिमीटरच्या आतच राहतो, असं अमेरिकेतल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये मांडलं. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत तर अशी जोड देऊ नये, असंच सुचवलं. त्यामुळे साध्या सफाईवर ‘लेसरही करून घ्या’ म्हणत जादा पैसे मागितले, तर मी नकार देईन.

खोल पॉकेटसाठी मात्र माझं मत इतकं ठाम नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लेसरमध्ये रक्तस्राव कमी होतो, हा खरा फायदा आहे (गोळी मनाने बंद करायची नाही, हे दोन्हींकडे लागू). लेसरनंतर दुखणंही सहसा कमी असतं. समोरच्या दातांसाठी, किंवा टाक्यांच्या धास्तीने उपचारच टाळत राहिलेल्या माणसासाठी, सरावलेल्या डॉक्टरांकडचं लेसर मी विचारात घेईन. हाडात खोल खड्डे असतील, ग्राफ्टची गरज असेल, तर फ्लॅपच.

ठरवण्याआधी प्रत्येक दाताचे मिलिमीटरमधले आकडे आणि एक्स-रे मागून घ्या. यंत्राचा प्रकार विचारा, आणि सोबत हाताने सफाई होणार का तेही. सिगारेट चालू असेल किंवा साखर वाढलेली असेल, तर दोन्ही उपचारांचा परिणाम कमी मिळतो. शिवाय पुढेही, बहुतेकांना दर तीन ते सहा महिन्यांनी, तपासणी आणि सफाईला जावं लागतंच. तो खर्च आणि वेळ आजच हिशेबात धरा.