२७ की ३३? मिचेल आणि डिजीन, पहिली जर्सी कुणाची घ्यावी

फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाची पहिली जर्सी घ्यायची आहे, पण २७ घ्यावी की ३३ यावर अडलंय, असं या उन्हाळ्यात मला तिघांनी विचारलं. त्यातला एक माझा भाचा, नुकताच फिलाडेल्फियाला शिकायला आलेला. जर्सीला सव्वाशे डॉलरच्या वर पडतात, विद्यार्थ्याच्या खिशाला ते जड आहे, आणि एकदा घेतली की पाच-सात वर्षं तीच अंगावर राहते. मी दोन्ही घेतल्या आहेत. क्विन्यॉन मिचेलची २७ नंबरची मे २०२४ मध्ये, कूपर डिजीनची ३३ नंबरची त्याच डिसेंबरात. मधल्या सात महिन्यांत मत का बदललं, ते सांगतो.

आधी २०२३ आठवून घेऊ, कारण या दोन पोरांवरची आमची आशा तिथूनच आली. त्या हंगामात अकरा सामन्यांत दहा विजय होते. मग सगळं कोसळलं. शेवटच्या सातपैकी सहा सामने, प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) धरून, हरलो. टॅम्पाविरुद्ध ३२-९ असे हरलो तेव्हा मी टीव्ही बंद करून अंगणातला बर्फ काढायला गेलो होतो. बचावाची सूत्रं त्या वर्षी शॉन देसाई यांच्याकडे होती. भारतीय वंशाचा माणूस एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये, समन्वयक होणं हे त्यांच्यापासून सुरू झालं, म्हणून आमच्या घरात त्यांच्याबद्दल फार आपुलकी होती. डिसेंबरात डाव ठरवण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं, तेही लागलं. पण खरं दुखणं मैदानावर होतं. आमच्या दोन कॉर्नरपैकी (रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, अडवणारे बचावपटू) डॅरियस स्ले तेहतिशीत शिरत होता, जेम्स ब्रॅडबेरीची गती गेली होती, आणि समोरचा कुठलाही क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) आमच्यावर पास फेकून यार्ड वसूल करत होता.

त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये डेट्रॉइटला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला तेव्हा आमचं मागणं एकच होतं: कॉर्नर द्या. संघाचे महाव्यवस्थापक हाउई रोझमन यांनी पहिल्या फेरीत २२ व्या क्रमांकावर मिचेल घेतला. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनशी सौदा करून ५० वरून ४० वर चढले आणि डिजीन घेतला. जुन्या चाहत्यांना लगेच २००२ आठवलं. त्या वर्षी लिटो शेपर्ड, मायकेल लुईस आणि शेल्डन ब्राउन असे तिघे पहिल्या दोन फेऱ्यांत आले होते आणि पुढची कित्येक वर्षं मागची फळी त्यांनीच सांभाळली. शेपर्डनंतर पहिल्या फेरीत कॉर्नर घ्यायला आम्हाला थेट २०२४ उजाडलं. तेव्हा आशा किती साचली असेल बघा.

मिचेलबद्दल शंका एकच होती. त्याचं विद्यापीठ टोलेडो, म्हणजे मिड-अमेरिकन कॉन्फरन्स, समोरचे संघ मोठे नव्हेत. एका सामन्यात चार इंटरसेप्शन (समोरच्यांचे मधेच पकडलेले पास) आणि त्यांतली दोन थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे गोलरेषेपलीकडे नेलेली, हे वाचून आनंद व्हायचा, पण ते नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध होतं. मोबिलच्या सीनियर बोलला (ड्राफ्टआधीचा विद्यापीठ खेळाडूंचा प्रदर्शनी सामना) मोठ्या विद्यापीठांच्या रिसीव्हरांना त्याने सरावात जखडून ठेवलं, ४० यार्ड ४.३३ सेकंदांत पळाला, आणि ती शंका बऱ्यापैकी मिटली. शिवाय तो कुठे खेळणार हे स्पष्ट होतं. बाहेरचा कॉर्नर, पहिल्या दिवसापासून.

डिजीनचं उलट. त्याच्या गुणांबद्दल कुणालाच शंका नव्हती. आयोवात २०२२ मध्ये तीन इंटरसेप्शन टचडाउनपर्यंत नेलेली, पंटही (समोरच्यांनी लाथेने लांब उडवलेला चेंडू) परतवायचा. मिनेसोटाविरुद्धचा त्याचा तो परतवलेला पंट आजही लोक काढतात. सामना जिंकून देणारं टचडाउन होतं, पण आधी हात हलवला, म्हणजे पळणार नसल्याची खूण झाली, म्हणून पंचांनी रद्द केलं आणि आयोवा १२-१० ने हरली. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये सरावात पायाचं हाड मोडलेलं, आणि तो कॉर्नर, सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) की स्लॉट (आतल्या बाजूचा कॉर्नर), यावर कुणाचं एकमत नव्हतं. जो कुठेही खेळू शकतो त्याला कायमची जागा मिळत नाही, हे मी ऑफिसातही पाहिलं आहे. त्यात हंगामाआधीच्या कॅम्पच्या तोंडावर मांडीचा स्नायू दुखावला. मी २७ घेतली, आणि त्या वेळी तो निर्णय बरोबरच होता.

मग हंगाम सुरू झाला आणि मला जो त्रास झाला तो मला आधी कुणी सांगितला नव्हता.

मी सामने घरी, टीव्हीवर बघतो. टीव्हीचा मुख्य कॅमेरा बाजूला उंचावर असतो आणि तो चेंडूबरोबर राहतो. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी मिचेल पडद्याच्या कडेला दिसतो: गुडघे वाकवलेले, हात मोकळे, समोरच्या रिसीव्हरच्या कमरेकडे नजर. स्नॅप होतो, रिसीव्हर पळत सुटतो, आणि दोघेही पडद्याबाहेर. आपण बघतो क्वार्टरबॅकला. तो त्या बाजूला मान वळवतो, हात वर नेतो, फेकत नाही, दुसरीकडे बघतो, शेवटी आखूड काहीतरी फेकतो किंवा सापडतो. त्याने का फेकलं नाही याचं उत्तर पडद्याबाहेर २७ नंबर घालून उभं आहे. ते दाखवत नाहीत.

आता याचा परिणाम बघा. बाहेरच्या कॉर्नरकडे कॅमेरा कधी वळतो? चेंडू तिकडे गेला की. आणि चेंडू तिकडे जातो तो बहुतेक वेळा रिसीव्हर थोडा मोकळा झाला म्हणून. म्हणजे टीव्हीवर तुम्हाला त्याच्या चुका तेवढ्या दिसतात, आणि तो जितका चांगला खेळेल तितका तो कमी दिसतो. अख्ख्या नियमित हंगामात मिचेलचं एकही इंटरसेप्शन नव्हतं. चेंडूच येत नव्हता तर धरणार काय? क्रिकेटमध्ये एका टोकाने धावा रोखून धरणाऱ्या गोलंदाजाला निदान प्रत्येक चेंडू टाकताना तरी आपण बघतो. इथे तेही नाही. ऑल-ट्वेंटीटूचं चित्रीकरण, ज्यात बावीसच्या बावीस जण दिसतात, ते सामना झाल्यावर वेगळे पैसे भरून मिळतं. मी एक महिना घेतलं. नोकरी, मुलीची शाळा, शनिवारचे मराठी वर्ग यांतून ते बघायला वेळ काढणं मला जमलं नाही.

तरी एकदा मिचेल पोटभर बघितला. १३ ऑक्टोबरला क्लीव्हलँडविरुद्ध मैदानात गेलो होतो. जागा अगदी वरची, एण्ड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, मागे. लोक त्या जागेला नाक मुरडतात, पण तिथून मैदान आपल्यापासून दूर लांबवर पसरलेलं दिसतं आणि कॉर्नर-रिसीव्हरची जोडी शेवटपर्यंत नजरेत राहते. मी चेंडू सोडून दिला आणि फक्त २७ बघितला. रिसीव्हर आत वळायच्या आधी याचा पाय वळलेला असायचा. एकदा दोघे तीस-पस्तीस यार्ड खांद्याला खांदा लावून गेले, चेंडू दुसऱ्याच टोकाला पडला, आणि मिचेल मान खाली घालून शांतपणे चालत परत आला. आजूबाजूचं कुणी तिकडे बघतही नव्हतं. सामना २०-१६ असा रडतखडत जिंकला. आमची अडवलेली किक उचलून क्लीव्हलँडने टचडाउन केलं तेव्हा सगळं मैदान संघावर ओरडत होतं, पण मी घरी आलो तो मिचेलवर खूश होऊन.

त्याच दिवशी डिजीन पहिल्यांदा सुरुवातीपासून स्लॉटमध्ये उतरला. आदल्या चार सामन्यांत दोन विजय, दोन पराभव होते. तो आल्यापासून आम्ही ओळीने दहा जिंकले. सगळं श्रेय त्याचं असं मी म्हणणार नाही. सामना नसलेल्या सुट्टीच्या आठवड्यात नवे बचाव-समन्वयक विक फँजिओ यांनी बरंच काही नीट बसवलं असणार, आणि पलीकडे आक्रमणात सेक्वॉन बार्कली चेंडू घेऊन धावत होता. पण टीव्हीवर मला जे दिसलं ते दिसलं. स्लॉटवाला क्वार्टरबॅकपासून जवळ, चेंडूच्या आसपास असतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या मधोमध. आखूड पास आला, हा तिथे. पळणारा बाहेरून वळसा घालून निघाला, हा तिथे. बाजूला पास टाकून चार यार्डांचे चौदा करणं हा २०२३ मध्ये आमच्याविरुद्धचा हमखास उपाय होता, त्याचे आता तीन-चारच होऊ लागले. दर सामन्यात दहा-बारा वेळा तरी ३३ नंबर काहीतरी करताना समोर दिसायचा, पंट परतवणं वेगळं.

त्या वेळी सांगलीहून बाबा आले होते, डिसेंबरपर्यंत होते. ते तरुणपणी तालमीच्या संघातून कबड्डी खेळलेले, डावा कोपरा. अमेरिकन फुटबॉलचे नियम त्यांना मी समजावले, पण त्यांना त्यात रस नव्हता. ते नुसतं पकड बघायचे. १ डिसेंबरला बाल्टिमोरचा सामना होता. त्यांचा डेरिक हेन्री चेंडू घेऊन बाहेरच्या बाजूला निघाला. समोर मोकळं मैदान आणि एकटा डिजीन. हेन्री याच्याहून वीस किलोंनी तरी भारी, सुटला की चार-चार जण अंगावर घेऊन जाणारा. डिजीन थांबला नाही, मागे सरकला नाही. खाली वाकून आत गेला, दोन्ही हात आवळले आणि हेन्रीला पाठीवर आडवा केला. बाबा खुर्चीतून उठले.

"बघितलंस? कमरेच्या वर गेलाच नाही. वर गेला असता तर फरफटत नेला असता त्यानं. हा पोरगा चढाई येऊ देतो, मग घुसतो."

मी त्यांना तोच क्षण चार वेळा मागे नेऊन दाखवला. चौथ्या वेळी त्यांनी हेन्री सोडून डिजीनचा मागचा पाय बघायला सांगितलं. तो रोवलेला होता म्हणून ताकद लागली, म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी ३३ नंबर घेतला.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे, पण तोलून बघताना ते दोन्ही पारड्यांत टाकायला हवं. प्लेऑफमध्ये पॅकर्सविरुद्ध शेवटी मिचेलने त्याचं पहिलं इंटरसेप्शन घेतलं आणि सामना संपवला. मुलगी तेव्हा २७ घालून बसली होती, ती जर्सी आता तिचीच आहे. ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्यात, डिजीनने कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सचा पास मधे घुसून घेतला आणि ३८ यार्ड पळून टचडाउन केलं. त्याचंही ते पहिलंच इंटरसेप्शन, आणि त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस. भारतात सोमवारची पहाट होती. बाबांचा फोन सामना संपायच्या आधी आला. हंगामातला सर्वांत चांगला नवखा बचावपटू म्हणून शेवटच्या पाचांत दोघांचीही नावं होती. मान रॅम्सच्या जेरेड व्हर्सला मिळाला, आणि मला वाटतं आमच्या दोघांत मतं विभागली गेली असावीत.

तर मिचेलच्या बाजूने अजून बरंच आहे. बाहेरचा कॉर्नर मिळणं स्लॉटवाला मिळण्यापेक्षा अवघड, संघही त्यांना जास्त पैसे मोजतात. डिजीन सारखा अंगावर जातो, त्यामुळे त्याच्या दुखापतीची धास्ती मला दर रविवारी असते. त्याला पुढे सेफ्टी करतील अशी चर्चाही अधूनमधून उठते. आणि खेळ खरोखर बारकाईने बघणारा माणूस असेल तर त्याला मिचेलच जास्त आवडेल, हे मी मान्य करतो. माझा एक शेजारी हंगामाची तिकिटं असलेला आहे, तो २७ शिवाय दुसरं काही घालत नाही आणि त्याच्याशी मी वाद घालत नाही.

पण भाच्याकडे हंगामाची तिकिटं नाहीत. तो वसतिगृहाच्या हॉलमध्ये टीव्हीवर बघणार. पुण्यात बसून रविवारी रात्री साडेदहाला सामना लावणाऱ्यांचंही तसंच आहे. ज्याचा नंबर पाठीवर आहे तो तीन तास डोळ्यांसमोर असावा, एवढं तरी त्या पैशांत मिळायला हवं. मी त्याला ३३ सांगितली. वर्षातून एखादं तिकीट हाती लागलं तर एण्ड झोनच्या मागची, अगदी वरची जागा घे म्हणालो, आणि त्या दिवसापुरती मुलीकडून २७ मागून घेऊन जा.