मिरजेतलं एमआरआय सेंटर: कोणतं कॉन्ट्रास्ट ते विचारा, इथं नीट उत्तर मिळतं

चार तारे देतेय. पाचवा का कापला ते पुढं लिहिते.

माझ्या मुलीला मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार. या आजारात एकदा एमआरआय काढून सुटका नसते. औषध लागू पडतंय का, मेंदूत नवे डाग आलेत का, हे बघायला पुन्हा पुन्हा मशिनमध्ये जावं लागतं आणि अनेकदा शिरेतून कॉन्ट्रास्टही, म्हणजे फोटोत डाग उठून दिसावेत म्हणून टोचतात ते औषध, दिलं जातं. एकदाच स्कॅन काढायचा असेल त्यांनी पार्किंग, स्वच्छता आणि वेळेवर नंबर लागतो का एवढं बघावं. इथं तिन्ही चांगलं आहे. ज्यांच्या घरात वारंवार स्कॅन काढावं लागणारं माणूस आहे, त्यांच्यासाठी मी हे सविस्तर लिहितेय.

आधी आम्ही दुसरीकडं जायचो. तिथं "कोणतं इंजेक्शन देणार?" असं विचारलं की काउंटरवरून ठरलेलं उत्तर यायचं, "काकू, सगळीकडं एकच असतं." ते खरं नाही. कॉन्ट्रास्टमध्ये गॅडोलिनियम हा धातू असतो. तो मोकळा सुटला तर विषारी, म्हणून त्याला दुसऱ्या रेणूत बांधून देतात. हे बांधणं दोन प्रकारचं असतं. लिनियर प्रकारात धातूभोवतीची साखळी उघडी असते, मॅक्रोसायक्लिक प्रकारात तो बंद पिंजऱ्यात असतो आणि सहजासहजी सुटत नाही.

जपानमधल्या कांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं की वारंवार लिनियर कॉन्ट्रास्ट घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूतले डेंटेट न्यूक्लियस आणि ग्लोबस पॅलिडस हे भाग, कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या फोटोतसुद्धा उजळ दिसतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने मृत रुग्णांच्या मेंदूचे नमुने तपासले, तर त्यात खरोखरच गॅडोलिनियम सापडलं. 2017 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने बहुतेक लिनियर कॉन्ट्रास्ट थांबवायला सांगितली; यकृताच्या स्कॅनसाठी दोन आणि सांध्यात टोचण्यासाठी एक एवढीच ठेवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, बंदी घातली नाही, पण सगळ्याच गॅडोलिनियम कॉन्ट्रास्टवर इशारा छापायला आणि रुग्णाला माहितीपत्रक द्यायला लावलं. मॅक्रोसायक्लिकनेही थोडंफार साठतं, लिनियरपेक्षा बरंच कमी.

कुणी घाबरून जाऊ नये म्हणून हेही स्पष्ट लिहिते: मेंदूत साठलेल्या या धातूमुळे मेंदूचं काही बिघडतं, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. मूत्रपिंड निकामी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. अशा रुग्णांमध्ये कातडी आणि आतले अवयव कडक होत जाणारा एक गंभीर आजार होऊ शकतो आणि त्याचा गॅडोलिनियमशी संबंध 2006 मध्येच पुढं आला. अंगातलं गॅडोलिनियम काढून देतो म्हणून कुणी महागडे उपचार सांगत असेल, तर त्याच्या नादी लागू नका. त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही.

आता या सेंटरबद्दल. नाव नोंदवतानाच क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट मागितला. टेक्निशियन मुलाने लेकीचं वजन तिथल्या काट्यावर घेतलं, फॉर्मवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबून राहिला नाही. वजन भरलं 54 किलो. मी विचारायच्या आधीच त्याने बाटली पुढं धरली: गॅडोटेरेट मेग्लुमाइन, मॅक्रोसायक्लिक. "ताई, किलोला 0.2 मिली, म्हणजे तुम्हाला 10.8," असं म्हणत त्याने माझ्यासमोर हिशेब केला आणि मगच सुई लावली. सुई काढल्यावरही अर्धा तास बसवून ठेवलं, मधे दोनदा येऊन अंगाला खाज, मळमळ वगैरे नाही ना ते विचारून गेला.

पण मला खरा विश्वास बसला तो त्यानंतरच्या खेपेला. रेडिओलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर आल्या, जुन्या फिल्म लाइटबॉक्सवर लावून बघितल्या आणि म्हणाल्या, "काकू, हा नेहमीचा फॉलोअप आहे. मागचा स्कॅनही इथलाच, त्याच पद्धतीनं काढलेला. नवा डाग आला असेल तर साध्या फोटोतही दिसेल. मी तुमच्या डॉक्टरांशी बोलते." त्यांनी आमच्यासमोरच न्यूरोलॉजिस्टना फोन लावला. 2021 मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या एमएसच्या तज्ज्ञांनी मिळून दिलेला सल्लाही हाच आहे: नेहमीच्या फॉलोअपला सरसकट कॉन्ट्रास्ट लागत नाही. लेकीला त्या दिवशी सुई टोचली नाही आणि कॉन्ट्रास्टचे भरलेले पैसे काउंटरवरून परत मिळाले. स्वतःची कमाई सोडून पेशंटचा विचार करणारी माणसं आहेत ही, आणि ते लिहायलाच हवं.

याचा अर्थ कॉन्ट्रास्टला नाही म्हणत सुटायचं असा कुणी घेऊ नये. निदानाच्या वेळी कुठला डाग ताजा आणि कुठला जुना हे आम्हाला कॉन्ट्रास्टमुळेच कळलं होतं. गाठ किंवा संसर्गाची शंका असेल तर ते बहुतेकदा घ्यावं लागतं.

आता कापलेला तारा. कॉन्ट्रास्ट दिलं त्या पहिल्या खेपेच्या रिपोर्टमध्ये नुसतं "कॉन्ट्रास्ट दिलं" एवढंच होतं. औषधाचं नाव नाही, किती मिली दिलं ते नाही. मी मागितल्यावर संध्याकाळपर्यंत दुरुस्त रिपोर्ट हातात दिला, कुरकुर केली नाही. पण जे माहीत नसल्यामुळे विचारतच नाहीत, त्यांचं काय? उद्या ती व्यक्ती पुण्याला किंवा बेळगावला दाखवायला गेली, तर आजवर कोणतं कॉन्ट्रास्ट किती वेळा गेलं हे तिथल्या डॉक्टरांना कुठून कळणार? प्रत्येक रिपोर्टवर नाव आणि मात्रा छापायला सेंटरला फारसा खर्च येत नाही. ते सुरू केलंत की मी पाचवा तारा देईन.

जाणार असाल तर सकाळची वेळ मागा, संध्याकाळी रेडिओलॉजिस्ट मॅडम नसतात. जुन्या फिल्म आणि सीडी सोबत न्या, आणि रिपोर्ट घेताना औषधाचं नाव आणि मात्रा छापलीय का ते काउंटरवरच बघून घ्या.