तीन महिन्यांचं म्हणून सहा आठवड्यांचं पिल्लू गळ्यात मारलं

46,550 रुपये गेले. घरी मी अजूनही 25,000च सांगितलेत. इथे खरा आकडा लिहितेय, कारण पिल्लू विकणारा हाच माणूस उद्या तुमच्यापैकी कुणाला तरी गाठणार आहे.

आफ्रिकन ग्रे पोपटाचं पिल्लू. टोकन 5,000, उरलेले 33,000, बसने पाठवायचे 1,200, ‘परिवेशवर’, म्हणजे असे पक्षी नोंदवायच्या सरकारी पोर्टलवर, ‘नाव ट्रान्सफर करून देतो’ म्हणून 2,500. डॉक्टर आणि औषधं 4,850. कागद आजपर्यंत आलेला नाही.

मी नवखी नाही. 8 वर्षं कॉकटेल पक्षी सांभाळतेय, दोनदा पिल्लं हाताने भरवून वाढवलीत. चार ठिकाणी चौकशी केली, त्यात हाच सगळ्यात सज्जन वाटला. “ताई, आपलं दुकान नाही, हौस आहे. चांगल्या घरीच देतो.” पिंजरा केवढा आहे, दिवसभर घरी कोण असतं, हेही त्याने विचारलं. असे प्रश्न विचारणारा माणूस खोटा असेल असं कुणाला वाटेल? बिल मागितलं तर म्हणाला, हौसेला कसलं बिल! तिथेच फोन ठेवायला हवा होता. आफ्रिकन ग्रे 2017 पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 1 मध्ये आहे, आणि आपल्या सुधारित वन्यजीव कायद्याप्रमाणे त्याची पैदास करायला लायसन्स लागतं, मग हौस असो की धंदा. लायसन्सची प्रत आधी मागा. टाळाटाळ झाली की विषय संपला.

पण खरी चूक त्यानंतरची. पहाटे साडेपाचला बसवाल्याने खोका हातात दिला. रात्रभराचा, 11 तासांचा प्रवास. मी तिथेच दिव्याखाली झाकण उघडलं. डोक्यावर पिसं नव्हतीच, पिसांच्या नुसत्या नळ्या होत्या, काट्यांसारख्या उभ्या. शेपूट जेमतेम दोन बोटं. तीन महिन्यांच्या ग्रेच्या अंगावर पिसं पूर्ण भरलेली असतात, ते उडायला लागलेलं असतं. हे मला माहीत होतं! पायातली ओळखीची रिंग पाहिली तर तिला फट होती, माझं नख सहज आत गेलं. बंद रिंग पिल्लू अगदी लहान असतानाच पायात सरकवतात, पाय मोठा झाला की ती चढत नाही. उघडी रिंग काय, कुणीही कधीही चिमट्याने दाबून बसवेल. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी खोका घेऊन घरी आले. पैसे आदल्या रात्रीच गेले होते. आणि ते पिल्लू तोंड वर करून मान हलवत होतं, भूक लागली की करतात तसं. त्याला तिथे टाकून कशी येणार होते मी?

फोन केला तर म्हणाला, “प्रत्येक पिल्लाची वाढ वेगळी असते, ताई. कोमट पाण्यात फॉर्म्युला कालवून दिवसातून दोनदा द्या.” फॉर्म्युला म्हणजे पिल्लांना भरवायची पावडर. आणि दोनदा! त्या वयाला तीन-चार वेळा लागतो, तोही 40 अंशांच्या आसपासचा. गार गेला तर गळ्याखालच्या पिशवीत तसाच साचून आंबतो, जास्त गरम गेला तर पिशवी भाजते. मी थर्मामीटर लावून भरवलं, पण पिशवी आधीच आंबलेली होती, खोक्यातच वास येत होता. डॉक्टरांनी वजन केलं, 268 ग्रॅम. वय सहा आठवड्यांच्या आसपास म्हणाले. चौथ्या दिवशी पहाटे गेलं.

‘स्वतः भरवलंत की जास्त लळा लागतो’ ही थाप आहे, तिला भुलू नका. ग्रे स्वतःचं स्वतः खायला साधारण 12 ते 16 आठवडे घेतं. तोवरचं भरवणं, रात्रीची जागरणं, पिल्लू दगावायची भीती, हे सगळं टाळायचं असतं म्हणून सहाव्या आठवड्यात विकतात. जबाबदार ब्रीडर पैसे तयार असले तरी थांबवून ठेवतो, रोजचं वजन लिहिलेली वही दाखवतो, घरी येऊन पाहा म्हणतो.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं आणि म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, वस्तू मिळाली, मग फसवणूक कसली? वस्तू! मेला पक्षी म्हणजे नुकसानभरपाईचा विषय, कोर्टात जा म्हणे. अर्ज घेतला, पोच दिली नाही. वनखात्याच्या कार्यालयात गेले तर पहिला प्रश्न मलाच, नोंदणी कुठेय? 2024 च्या नियमांप्रमाणे असा पक्षी घेतल्यापासून 30 दिवसांत कळवावं लागतं, ते मला ठाऊक आहे, त्यासाठीच तर 2,500 मोजले. कारवाई झालीच तर आधी तुमच्यावर होईल, असं तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं. विकणाऱ्याचा नंबर, पैसे गेल्याच्या पावत्या, व्हिडिओ, सगळं टेबलावर ठेवलं होतं. त्याने कागदाला हात लावला नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ‘साहेब दौऱ्यावर’. खरेदीदार घाबरून गप्प बसतो हे या विकणाऱ्यांना पक्कं माहीत आहे. पैसे गेल्या गेल्या 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा. मी पिल्लाच्या धावपळीत चार दिवस घालवले.

त्याचा व्हिडिओ अजून फिरतोय. लालभडक शेपटीचं ग्रे सूर्यफुलाची बी फोडतंय, मागे कोपरा तुटलेली निळी फरशी. खाली लिहिलंय, ‘दोनच पिल्लं शिल्लक’. तो व्हिडिओ तुमच्याकडे आला तर विकणाऱ्याला लगेच व्हिडिओ कॉल लावायला सांगा, आणि पक्ष्याशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरायला सांगा. मला ‘नेटवर्क नाही’ म्हणाला होता.