ऑक्टेव्हिया १.८ ला आणखी ताकद: रीमॅप, मोठा टर्बो, दोन लिटरचं इंजिन की दुसरी गाडी?

२०१३ नंतरची स्कोडा ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय मुंबईत सेकंडहँड घेणाऱ्यांची आवडती गाडी आहे. चार सिलिंडर, टर्बो, १८० पीएस, वर घरच्यांना पटेल अशी डिकी. काही महिने चालवली की मात्र मालकाला आणखी पिकअप हवासा वाटतो, आणि मग गॅरेजवाले, मित्र, भाचे सगळे सल्ले द्यायला लागतात. ईसीयू रीमॅप कर (म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदल), मोठा टर्बो बसव, ऑक्टेव्हियाच्याच जोरकस आवृत्तीचं, आरएसचं, दोन लिटरचं इंजिनच टाक, नाहीतर ही विकून दुसरी घे. या चारही वाटा मी इथे शेजारी-शेजारी ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो: या गाडीत निर्णय इंजिन पाहून घ्यायचा नाही, गिअरबॉक्स पाहून घ्यायचा. आणि गाडी रोज मुंबईत चालणार असेल तर पारडं संयमाने केलेल्या रीमॅपकडे झुकतं.

आधी गिअरबॉक्स

कंपनीचे आकडे नीट पाहा. २५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), तोही १२५० पासून ५००० आरपीएमपर्यंत सपाट. टर्बो इंजिनाचा टॉर्क असा फूटपट्टीने आखल्यासारखा दिसला की समजायचं, तो मुद्दाम अडवून धरलाय. याच पिढीचं १.८ इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सच्या स्कोडा सुपर्बमध्ये ३२० न्यूटन-मीटर देत होतं. ऑक्टेव्हियात सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, त्याचं नाव डीक्यू२००. त्याचे दोन्ही क्लच कोरडे आहेत आणि त्याची नेमलेली मर्यादाच २५० न्यूटन-मीटरची आहे. म्हणजे इंजिनाकडे अजून ७० न्यूटन-मीटर शिल्लक होते, ते गिअरबॉक्ससाठी कापले.

मुंबईत या क्लचची परीक्षा वेगापेक्षा गर्दीत जास्त होते. संध्याकाळी जेव्हीएलआरवर किंवा घोडबंदर रोडला गाडी तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असते. क्लच अर्धा लागलेला, घासत असलेला, आणि त्याला गार ठेवायला तेल नाही. अशा क्लचवर खालच्या आरपीएमला ३५० न्यूटन-मीटर सोडले तर काय होईल, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

रीमॅप: टॉर्क नको, वरची ताकद घ्या

थोडं गणित केलं तर या वाटेची गंमत कळते. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ७०२४ ने भागलं की पीएस मिळतात. २५० न्यूटन-मीटर ५००० आरपीएमला १७८ पीएस होतात, म्हणजे कंपनी सांगते जवळपास तेच. आता टॉर्क वाढवूच नका, फक्त तेच २५० न्यूटन-मीटर ६००० आरपीएमपर्यंत टिकवा. झाले सुमारे २१४ पीएस. ५५०० ला २८० ठेवले तर २१९. तीस-चाळीस पीएस जास्त, आणि क्लचवरचा भार मर्यादेत किंवा तिच्या जरासा वर.

म्हणून ट्यूनरला, म्हणजे रीमॅप करणाऱ्याला, पहिला प्रश्न ‘किती पीएस देणार?’ हा विचारू नका. ‘१५०० ते ३००० आरपीएममध्ये टॉर्क किती ठेवणार?’ हे विचारा. चांगला ट्यूनर खालचा टॉर्क हळूहळू चढवतो आणि खरी वाढ वरच्या पट्ट्यात देतो. सगळ्या गाड्यांना एकच तयार फाइल टाकणारा ३५० चा आकडा दाखवून खूश करेल. पहिल्या दिवशी तीच गाडी जास्त भन्नाट वाटेल, हेही खरं. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांपाशी मोजलेली ताकद इंजिनापाशी मोजलेल्या ताकदीपेक्षा नेहमी कमी भरते, त्यामुळे दोन गॅरेजचे आकडे ताडताना दोघांनी कुठली मोजलीय ते विचारून घ्या.

इंधनाचं आधी ठरवा. मुंबईत एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, पण १०० ऑक्टेनवर रीमॅप करून घेतलात आणि गणपतीला कोकणात निघालात, तर महाडच्या पुढे ते पेट्रोल शोधत बसाल. रीमॅप ९५ ऑक्टेनसाठीच करून घ्यावा. आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल नॉकिंग (इंधन वेळेआधी पेटून होणारी ठकठक) रोखतं, पण लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे तेवढ्याच कामासाठी इंजेक्टरला जास्त इंधन फवारावं लागतं आणि जास्त बूस्टला (टर्बोच्या दाबाला) पंप-इंजेक्टरकडची शिल्लक लवकर संपते. शिवाय ही गाडी या २० टक्के इथेनॉलच्या, म्हणजे ई२० च्या आधीच्या काळातली आहे, तेव्हा इंधनाच्या नळ्या आणि सील तपासून घ्या.

वॉरंटी चालू असेल तर थांबा. स्कोडा ज्यात येते त्या फोक्सवॅगन समूहाच्या ईसीयूत किती वेळा फाइल लिहिली गेली याची नोंद राहते. सर्व्हिस सेंटरने गाडी जोडली आणि सिस्टीममध्ये वॉरंटी नाकारणारा टीडी१ हा शिक्का लागला की इंजिन-गिअरबॉक्सच्या क्लेमला रामराम. फाइल परत मूळची केली तरी नोंद मागे उरते.

रीमॅपसोबत नवे स्पार्क प्लग आणि ऑइलचं निम्मं अंतर या दोन गोष्टी गृहीत धरा. १५,००० किलोमीटरला ऑइल बदलायची सवय असेल तर ती साडेसात हजारांवर आणा.

स्टेज टू: इंटरकूलर हो, डाउनपाइप नाही

सायकलला हवा भरताना पंप तापतो, तशी टर्बोने दाबलेली हवाही तापते, आणि तापलेल्या हवेत ऑक्सिजन कमी असतो. ती गार करणारा या गाडीचा इंटरकूलर पुढे हवेवर गार होणारा आहे. रीमॅपच्या पुढे असे सुटे भाग बदलण्याला गॅरेजवाले स्टेज टू म्हणतात. मे महिन्यात सायनला सिग्नलवर पाच मिनिटं उभे राहिलात की तोही तापून बसतो. मग सिग्नल सुटल्यावर ईसीयू इग्निशन मागे खेचतो आणि पैसे देऊन घेतलेली ताकद नेमकी तेव्हा गायब होते. मोठा इंटरकूलर इथे खरंच कामाचा आहे. डायनोवर त्याचा आकडा फारसा दिसत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या ओव्हरटेकलाही गाडी तशीच खेचते.

डाउनपाइपचं, म्हणजे टर्बोनंतरच्या मोकळ्या एक्झॉस्ट पाइपचं, तसं नाही. ताकद थोडी वाढते, पण धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो. पीयूसीचा प्रश्न उभा राहतो, धूर मुंबईच्या हवेत जातो आणि आवाज शेजाऱ्यांच्या खिडकीत. रात्री कोस्टल रोडवरच्या गाड्यांच्या आवाजाने तिथले रहिवासी किती वैतागलेत हे आपण वाचतोच. त्यात भर घालू नये असं मला मनापासून वाटतं.

एअर इनटेक बसवणार असाल तर त्याचं तोंड कुठे येतं ते बघा. बंपरच्या खाली आलं, तर जुलैत हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात इंजिन पाणी ओढेल, आणि पाणी दाबलं जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतील.

मोठा टर्बो

१.८ वर आयएचआय कंपनीचा छोटा आयएस१२ टर्बो असतो, फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयवर त्याहून मोठा आयएस२० आणि गोल्फ आरवर आयएस३८. आयएस२० पर्यंत निदान समजू शकतो. आयएस३८ उशिरा जागा होतो आणि वरच्या आरपीएमला सुटतो. ती ताकद वापरणार कुठे? सी-लिंकवर मर्यादा ८०, अटल सेतूवर १००, एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात १००. ओव्हरटेकला लागतो तो २००० ते ४००० आरपीएमचा जोर, आणि तिथे छोटा टर्बोच चपळ असतो. शिवाय डीक्यू२०० आहेच. मी हा पर्याय इथेच सोडतो.

दोन लिटरचं इंजिन

कागदावर ही वाट फार मोहक दिसते. १.८ आणि २.० एकाच कुटुंबातली, ईए८८८. दोघांचा बोअर ८२.५ मिलिमीटर. स्ट्रोक ८४.१ ऐवजी ९२.८, म्हणून १७९८ सीसीचे १९८४ होतात. बाहेरून मापं जुळतात, त्यामुळे ‘बसतं की आरामात’ हे ऐकायला मिळतं.

पण कुठलं दोन लिटर? कुर्ल्याच्या स्क्रॅप बाजारात किंवा ॲक्सिडेंटच्या गाडीतून मिळणारं इंजिन २०२१ च्या ऑक्टेव्हियाचं असेल, तर त्याचे आकडे १९० पीएस आणि ३२० न्यूटन-मीटर आहेत. नीट रीमॅप केलेलं तुमचं जुनं १.८ ताकदीत त्याच्या पुढे जाईल. आरएस २३० चं इंजिन मिळालं तर गोष्ट वेगळी, २३० पीएस आणि ३५०. पण त्या गाडीत सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीक्यू२५० आहे. इंजिन आणून डीक्यू२०० लाच जोडलं, तर ३५० पुन्हा २५० वर दाबावे लागतील. म्हणजे गिअरबॉक्स हवा, त्याचे ड्राइव्हशाफ्ट हवेत, दोघांचे कंट्रोल युनिट आणि वायरिंग हवं, इमोबिलायझरची (चोरीविरोधी लॉकची) जुळणी हवी, आणि मग मोठे ब्रेक. एकेक करत अख्खी आरएसच गोळा करायची वेळ येते.

कायदा तर आणखी कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर स्पष्ट निकाल दिलाय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. आरसीवर इंजिन नंबर असतो, सीसी असते. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, ज्या आरटीओत गाडी आहे तिथून आधी परवानगी घेतल्याशिवाय इंजिन उतरवूच नका. आणलेल्या इंजिनाचं बिल नसेल आणि ती गाडी चोरीची निघाली, तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या तुम्हाला चढाव्या लागतील. अपघात झाला तर विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावर बोट ठेवेल.

इंजिन बदलायला मी एकाच परिस्थितीत हो म्हणेन: मूळ इंजिन कामातून गेलंय. तेव्हाही त्याच प्रकारचं १.८ शोधा, म्हणजे आरटीओत समजावणं सोपं जातं. किंवा आपलाच ब्लॉक चांगला असेल तर फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) रॉड-पिस्टन घालून तोच बांधून घ्या, नंबर तोच राहतो. आधीच्या पिढीच्या स्कोडा लॉराच्या १.८ मध्ये, ज्यात ऑइल पिण्याची तक्रार माहितीची आहे, रिंगसाठी इंजिन खोलावंच लागलं तर हा विचार जरूर करा.

दुसरी गाडी

२५० पीएसच्या आसपास हवेच असतील तर ही गाडी विका. २०२० ची आरएस २४५ भारतात फक्त २०० आली. २४५ पीएस, ३७० न्यूटन-मीटर, सात गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी, इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल. ब्रेक, सस्पेन्शन, कूलिंग सगळं त्या ताकदीच्या मापाचं आणि कागद स्वच्छ. मिळाली तर महाग मिळेल, पण इंजिन बदलण्याच्या खर्चात आणि मनस्तापात तिची तुलना करा. नवी हवी तर २०२५ मध्ये आलेली गोल्फ जीटीआय २६५ पीएसची आहे, पण येतानाच तिची एक्स-शोरूम किंमत ५३ लाख होती. तिकडे विचार पोचला तर रीमॅपचा विषय संपलाच.

सेकंडहँड आरएस बघताना ती आधी रीमॅप होऊन परत मूळची केलीय का, हे नोंदीतून तपासून घ्या.

आणि स्वतःच्या १.८ वर रीमॅप ठरवलात तर गाडी ट्यूनरकडे नेण्याआधी टायर आणि ब्रेक पॅड बघा, आणि डीएसजीचे क्लच अडॅप्टेशनचे आकडे (क्लच किती झिजलाय ते दाखवणारे) काढून घ्या. क्लच संपत आलाय असं दिसलं तर रीमॅपचे पैसे आधी तिथे घाला. नवा क्लच बसून हजारभर किलोमीटर झाले की मग फाइल टाका, आणि तीही खालचा टॉर्क आवरलेली.