गाडीचं कर्ज मुदतीआधी बंद करून सात महिने: काय हाती आलं, काय अडकलं

मूळ कर्ज ८ लाख, स्थिर दर साडेनऊ टक्के, मुदत ६० महिने, हप्ता १६,८०१ रुपये. २४ हप्ते भरून फोरक्लोजर केलं, म्हणजे उरलेलं कर्ज एकदम भरून खातं बंद केलं; शुल्क उरलेल्या मुद्दलाच्या ५ टक्के. पैसे भरल्यावर पंधरा दिवसांत लिहिलं असतं, तर पाचपैकी पाच तारे दिले असते. सात महिन्यांनी तीनच देतो. कारण बँकेच्या वहीत कर्ज संपलं, तरी ते आणखी तीन ठिकाणी शिल्लक असतं: आरटीओच्या नोंदीत, विमा पॉलिसीवर आणि सिबिलसारख्या पतअहवालात. ही तिन्ही कामं आपणहून होतील अशा भरवशावर राहू नका.

आधी पैशांचं. २४ हप्त्यांनंतर मुद्दल उरतं सुमारे ५,२४,५०० रुपये. पुढचे ३६ हप्ते मिळून ६,०४,८५०. फरक ८०,३५०, आणि ऑनलाइन कॅल्क्युलेटर हाच आकडा ‘बचत’ म्हणून दाखवतात. यातून शुल्काचे २६,२२५ आणि त्यावर बँक लावते तो १८ टक्के जीएसटी, असे जवळपास ३०,९५० वजा करा. उरले ४९,४००. पण भरलेले सव्वापाच लाख कुठेतरी व्याज कमावत होतेच ना? ते साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत असतील आणि हप्ते त्यातूनच जात असतील, तर करपात्र उत्पन्न नसलेल्याला कर्ज चालू ठेवणंच नऊएक हजारांनी स्वस्त पडतं. ३० टक्क्यांच्या करपट्टीत असाल तर बंद करण्यात दहाएक हजारांचा फायदा. बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून असलेले पैसे असतील तर फायदा २८ हजारांच्या घरात जातो. म्हणजे कर्जाच्या दराइतकाच तुमचा पैसा आज कुठे आहे यालाही अर्थ आहे.

शेवटचे १२ हप्ते उरले असतील तर ५ टक्के शुल्क देऊन बंद करणं हा निव्वळ तोटा. या कर्जात तेव्हा व्याज उरलं असतं १०,००० आणि जीएसटीसह शुल्क बसलं असतं ११,३००. शिवाय काही करारांत शुल्काची उतरती पायरी असते. २४ हप्त्यांपर्यंत ५ टक्के आणि नंतर ३ टक्के असं असेल, तर एक हप्ता थांबा. त्या महिन्याचं व्याज जातं ४,१५० आणि जीएसटीसह शुल्कात वाचतात १२,८००.

आता हक्कांकडे. ‘रिझर्व्ह बँकेने मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क बंद केलं’ हे अर्धंच खरं आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू असलेले निर्देश असे: व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेलं कर्ज बदलत्या दराचं असेल, तर शुल्क शून्य. लॉक-इन, म्हणजे अमुक काळ कर्ज बंद करता येणार नाही अशी अट, नाही आणि पैसे कुठून आणले हे विचारायचं नाही. पण आपल्याकडची बरीचशी वाहनकर्जं स्थिर दराची असतात, आणि तिथे बँकेला स्वतःच्या धोरणाप्रमाणे शुल्क घेता येतं. त्यालाही मर्यादा आहेत. शुल्क मंजुरीपत्रात, करारात आणि ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये (कर्जाच्या मुख्य अटींचा बँकेने द्यायचा गोषवारा) लिहिलेलं हवं, त्या स्टेटमेंटमध्ये नसलेलं शुल्क लावता येत नाही. ते मोजायचं परत केल्या जाणाऱ्या रकमेवर, मूळ कर्जावर नाही. आणि दिवाळीच्या ऑफरमध्ये माफ केलेली प्रोसेसिंग फी कर्ज बंद करताना मागच्या दाराने वसूल करता येत नाही. म्हणून गाडी घेतानाच ‘दर स्थिर की बदलता’ हे लेखी विचारा. शोरूममध्ये सगळे हप्त्यावरच बोलतात.

प्रत्यक्ष बंद करताना पहिला कागद म्हणजे फोरक्लोजर स्टेटमेंट. तोंडी आकड्यावर पैसे भरू नका. त्यात मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज, थकीत हप्ता, चेक बाउन्सचे जुने आकार, शुल्क आणि जीएसटी वेगवेगळे दिसायला हवेत. स्टेटमेंटला मुदत असते. ती उलटली की रोजचं व्याज चढतं. इथे ते दिवसाला १३६ रुपये होतं. रक्कम किरकोळ, पण १३६ रुपये कमी पडले तरी खातं बंद होत नाही. पैसे आरटीजीएसने पाठवाल तर फोरक्लोजरचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या. अर्ज नसेल तर रक्कम ‘जादा जमा’ म्हणून नुसती पडून राहते आणि पुढचा हप्ता त्यातून कापला जातो. हप्त्याची तारीख ५ असेल तर ७ ते १५ या काळात बंद करा. महिनाअखेरीस केलंत, तर पुढच्या हप्त्याची ‘नाच’ (NACH, खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची यंत्रणा) मागणी आधीच बँकांकडे गेलेली असते. १६,८०१ रुपये कापले जातात आणि परतावा मागत बसावं लागतं. खातं बंद झाल्याचं पत्र हातात आलं की ‘नाच’ मॅन्डेट, म्हणजे हप्ता कापायची दिलेली परवानगी, रद्द करा आणि तारण म्हणून दिलेले कोरे चेक मोजून परत घ्या. कर्जासोबत माथी मारलेला एकहप्ती कर्जविमा असेल, तर उरलेल्या काळाचा परतावा मागा. आपणहून कोणी देत नाही.

खरी डोकेदुखी बोजा उतरवण्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे आरसीवर बँकेचं नाव चढतं. ते उतरवायला लागतो फॉर्म ३५, दोन प्रतींत, मालक आणि बँक दोघांच्या सह्यांचा. सोबत बँकेची एनओसी. तिच्यावर सहसा तीन महिन्यांची मुदत असते, आणि ती फाइलमध्ये ठेवून दिली की संपते. मग नवी एनओसी, नवी वणवण.

एनओसी हातात आली की बँकेच्या काउंटरवरच आरसी उघडून ताडून पाहा. चॅसी क्रमांक १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. टंकणाऱ्याने शून्याऐवजी ओ मारला असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. मालकाचं नाव, गाडीचा क्रमांक, आरटीओचं नाव (एमएच १२ म्हणजे पुणे, एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड) हेही पाहा. विलीन झालेल्या बँकांचा गोंधळ वेगळाच. आरसीवर विजया किंवा देना बँक असेल तर एनओसी येते बँक ऑफ बडोदाची, सिंडिकेट असेल तर कॅनराची, आंध्र किंवा कॉर्पोरेशन असेल तर युनियन बँकेची. ‘पूर्वीची अमुक बँक’ असा उल्लेख एनओसीत मागून घ्या, नाहीतर नावं जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतो.

अर्ज परिवहन पोर्टलवर. गाडीचा क्रमांक आणि चॅसीचे शेवटचे पाच आकडे टाकले की नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी येतो. नंबर जुना असेल तर आधी तो बदला, सगळं काम इथेच अडतं. विमा आणि पीयूसी चालू हवेत, ई-चलन थकलेलं नको. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरपाटी) आधी बसवा; ती नसलेल्या गाड्यांची बोजा चढवण्या-उतरवण्याची कामं महाराष्ट्रात रोखली जातात. काही बँका बोजा संपल्याची नोंद थेट आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत पाठवतात. तुमची पाठवते का, हे एनओसी घेतानाच विचारा; पाठवत असेल तर अर्धं काम वाचतं. अर्ज मंजूर झाल्यावर एमपरिवहन ॲपवर फायनान्सरचं नाव गेलंय का पाहा. तिथे नाव दिसत असेल तर गाडी विकताना गिऱ्हाईक मागे फिरेल.

उशिराबद्दल एक हक्क फार कमी लोक वापरतात. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि नोंदवलेला बोजा काढण्यासाठी आपल्या बाजूची पूर्तता करणं ही बँकेची जबाबदारी आहे. चूक तिची असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे आणि खासगी वापराच्या वाहनकर्जाला तो लागतो. टॅक्सी-टेम्पोच्या व्यावसायिक कर्जाला नाही. त्यामुळे खातं बंद झाल्याची तारीख लेखी हवीच, दिवस तिथून मोजायचे. दाद मिळाली नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर. फुकट आहे, वकील लागत नाही.

विम्याचं काम सोपं. नवी आरसी पाठवून पॉलिसीवरचं बँकेचं नाव काढून घ्या. गाडी चोरीला गेल्यावर ते नाव असेल, तर कंपनी दाव्याचे पैसे देण्याआधी बँकेचा कागद मागते.

पतअहवालात खातं ‘क्लोज्ड’ दिसायला हवं. ‘सेटल्ड’ दिसलं तर तडजोडीने कमी पैसे घेतले असा अर्थ होतो आणि पुढचं गृहकर्ज अडतं. पतअहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. दीड महिन्याने चारही तपासा. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

एक गैरसमज ब्रिटनमधल्या नातेवाइकांकडून येतो. तिथे १९७४ च्या ग्राहक पतकायद्याने हायर परचेसची (हप्ते संपेपर्यंत गाडी कर्ज देणाऱ्याच्याच मालकीची असते असा करार) एकूण निम्मी रक्कम भरून, गाडी चांगल्या स्थितीत परत करून करार संपवता येतो. आपल्याकडे असा हक्क नाही. इथे गाडी ‘सरेंडर’ केली की बँक ती लिलावात विकते आणि कमी पडलेली रक्कम तुमच्याकडेच मागते. हप्ते झेपत नसतील तर गाडी स्वतः विका. खरेदीदाराकडून थेट तुमच्या कर्जखात्यात पैसे भरून घ्या, एनओसी घ्या, आणि बोजा उतरल्यावरच मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा.